राखून ठेवलेली कीड

मी २०१८ साली बॉस्टनमध्ये डेंटिस्टच्या लायसन्सची प्रात्यक्षिक परीक्षा दिली तेव्हा प्रश्नपत्रिका परीक्षार्थीनं स्वतःच आणायची असे. प्रश्नपत्रिका म्हणजे एक जिवंत माणूस. वय अठराच्या वर, रक्तदाब आटोक्यात, दाढेत परीक्षेला चालेल अशी कीड, आणि ठरलेल्या दिवशी भल्या सकाळी हजर राहायची तयारी. ‘ताई, परीक्षा कठीण असते का?’ असं भारतातल्या बीडीएसच्या, म्हणजे डेंटिस्टच्या पदवीच्या मुली मला अजून विचारतात. हाताचं काम मी मुंबईत शिकून आले होते. घाम फुटला तो माणूस मिळवताना.

कुठली कीड चालेल याचे नियम छापील होते. एक कीड पुढच्या दोन दातांच्या मधे हवी, एक मागच्या दाढांच्या मधे. मागची मिळणं जास्त अवघड. दोन दाढा जिथे एकमेकींना टेकतात तिथे ब्रश पोचत नाही, घास अडकतो आणि वरून सगळं ठीक दिसत असताना आत पोखरायला सुरुवात होते. एक्स-रेमध्ये तिथे छोटा काळा त्रिकोण दिसतो. तो इनॅमल, म्हणजे दाताचं वरचं कडक आवरण, ओलांडून आतल्या डेंटीनच्या थरापर्यंत पोचलेला हवा. पोचला नसेल तर परीक्षक म्हणणार, हा दात भरायची गरजच नाही, पेशंट परत न्या. फार खोल गेला असेल तर उकरताना नस उघडी पडायची भीती. शिवाय शेजारचा दात जागेवर हवा आणि या दाताला टेकलेला हवा, समोरच्या जबड्यात चावायला जोडीदार दात हवा. मुलगा शिकलेला हवा पण डोक्यावर बसणारा नको, घरात माणसं हवीत पण फार नकोत, अशा अटी घालत स्थळं बघणाऱ्या मावशा मी लहानपणी पाहिल्या होत्या. त्या हिवाळ्यात स्क्रीनवरचे एक्स-रे बघताना मी हुबेहूब त्यांच्यासारखी बोलत असे. ‘कीड चांगली आहे हो, पण शेजार नाही.’

कॉलेजच्या क्लिनिकमध्ये येणाऱ्या पेशंटांवर सगळ्या बॅचचा डोळा. मग मराठी मंडळ आठवलं. संक्रांतीच्या कार्यक्रमाला तीळगूळ वाटताना समोरचा हसला की माझी नजर त्याच्या दातांवर जायची. आमच्या एका काकूंनी हे ओळखलं आणि ‘हिला दात दाखवा रे सगळ्यांनी, फुकट बघते,’ असं माइकवरून जाहीर केलं. बरेच जण हसले, काही खरंच आले. मराठी माणसाचा एक गुण किंवा अवगुण असा, की दुखल्याशिवाय तो डेंटिस्टकडे जात नाही. त्यामुळे सापडलेल्या बऱ्याच किडी माझ्या कामाच्या पलीकडे गेलेल्या. ‘काकू, याला रूट कॅनाल लागेल,’ असं मी म्हणायची आणि काकू तीळगुळाकडे अपराधी नजरेनं बघायच्या.

शेवटी सापडला तो सांगलीचा एक मुलगा. एमएस करायला आलेला, दातांचा विमा नाही, दातांच्या डॉक्टरकडे गेल्याला काही वर्षं झालेली. वरच्या उपदाढेत, मधल्या बाजूला, अगदी नियमात बसणारा काळा त्रिकोण. एक्स-रे बघून मी ‘वा!’ म्हटलं. तो बिचारा घाबरून विचारतो, ‘ताई, सगळं ठीक आहे का?’ सगळं ठीक नव्हतं म्हणून तर मला आनंद झाला होता. हे त्याला कसं सांगायचं?

वर्गातल्या इतरांची कथा याहून खर्चिक होती. कोणी दुसऱ्या राज्यातून चुलतभावाला विमानानं आणला, त्याला हॉटेलात ठेवलं. कोणी आपल्या पेशंटला काही शे डॉलर द्यायचं कबूल केलं आणि आदल्या रात्री त्यानं रक्कम वाढवून मागितली. परीक्षार्थींना पेशंट पुरवणारे दलालही या देशात होते. पैसे द्या, नियमात बसणारं तोंड मिळेल. शिवाय एक राखीव पेशंट हवाच, कारण पहिला आलाच नाही किंवा परीक्षकांनी नाकारला तर वर्षभराची मेहनत आणि हजारो डॉलर फी पाण्यात. रक्तदाबाचाही नियम होता. १८०/११० किंवा त्यावर गेला की पेशंट बाद, आणि १६०/९५ च्या पुढे असेल तर डॉक्टरचं पत्र आणा. परीक्षेच्या गर्दीत, मास्क लावलेल्या अनोळखी माणसांमध्ये कुणाचा रक्तदाब चढणार नाही? आमच्यापैकी काहीजण तर सकाळी पेशंटला शांत खोलीत बसवून गाणी ऐकवत होते.

मला हे सगळं परकं वाटलं नाही याचं कारण मुंबई. महाराष्ट्रातल्या कुठल्याही डेंटल कॉलेजात शिकलेल्याला ‘कोटा’ म्हणजे काय ते सांगावं लागत नाही. इतक्या दाढा काढल्या पाहिजेत, इतके दात भरले पाहिजेत, इतक्या कवळ्या केल्या पाहिजेत, तरच परीक्षेला बसता येणार. आणि परीक्षा जिवंत पेशंटवर. फायनल इयरला आम्ही ओपीडीच्या दारात उभ्या राहायचो आणि केसपेपर घेऊन येणाऱ्या माणसाच्या तोंडाकडे बघायचो. सगळ्यात भाव असायचा तो ‘सीडी पेशंट’ला, म्हणजे पूर्ण कवळीच्या पेशंटला. सगळे दात गेलेले, पण हिरड्यांचा उंचवटा शाबूत असलेले आजोबा सापडले, तर त्यांची बातमी वॉर्डात पसरायची. असे आजोबा एकदा हाती लागले की परीक्षेपर्यंत सांभाळायचे. येण्याजाण्याचं भाडं, वडापाव, चहा, कधी घरी फोन करून ‘बाबा, गुरुवारी येताय ना नक्की?’ माझ्या एका मैत्रिणीच्या आजोबांनी परीक्षेच्या दिवशी आतल्या सरांना सांगून टाकलं की मला या कवळीची काही गरज नाही, घरी दोन आहेत, पण पोरीचं काम अडत होतं म्हणून आलो. सर हसले. तिला पास केलं.

पुढे बॉस्टनला आमच्यापैकी अनेकांना इंटरनॅशनल विद्यार्थी म्हणून पुन्हा दोन-तीन वर्षं शिकावं लागतं, कारण बीडीएसच्या पदवीवर बहुतेक राज्यं लायसन्स देत नाहीत. त्या शिक्षणाचा खर्च सांगितला की घरचे फोनवर गप्प होतात, म्हणून तो इथेही सांगत नाही. त्यानंतर लेखी राष्ट्रीय परीक्षा आणि मग ही प्रात्यक्षिक. ही राष्ट्रीय नाही, प्रादेशिक. भारतातून आलेल्या माणसाला हे चटकन समजत नाही. आपल्याकडे विद्यापीठाची परीक्षा झाली, इंटर्नशिप झाली की राज्याच्या कौन्सिलात नोंदणी, आणि पाटी लावायला मोकळे. अमेरिकेत मात्र डेंटिस्टचं लायसन्स ही प्रत्येक राज्याची स्वतंत्र जहागीर आहे. अलाबामानं १८४१ मध्ये पहिला कायदा केला, मग एकेका राज्यानं आपापलं मंडळ आणि आपापली परीक्षा काढली. राज्य बदललं की केस पांढरे झालेल्या डेंटिस्टनं पुन्हा विद्यार्थी व्हायचं. या त्रासावर उतारा म्हणून शेजारशेजारच्या राज्यांनी मिळून परीक्षा संस्था काढल्या. ईशान्येची नर्ब १९६९ मध्ये, मध्य भागाची १९७२ मध्ये, पश्चिमेची १९७६ मध्ये. आमच्या वेळेपर्यंत नर्बचं नाव बदलून सीडीसीए झालं होतं, तरी कॉलेजातले जुने प्राध्यापक ‘नर्बची तयारी झाली का?’ असंच विचारायचे. आता या संस्था एकमेकींत विलीन होत चालल्यात आणि राज्यांमध्ये परस्पर मान्यतेचे करार होऊ लागलेत. हे आधी झालं असतं तर कितीतरी संसार एका गावात राहिले असते. नवऱ्याची नोकरी एका राज्यात आणि बायकोचं लायसन्स दुसऱ्या, अशी जोडपी मला माहीत आहेत.

परीक्षेच्या दिवसाचं सांगते. आत गेलं की नाव संपतं, हाती येतो एक नंबर. कॉलेजचं चिन्ह असलेला कोट चालत नाही. पेशंटला बजावून ठेवायचं की परीक्षकांसमोर माझं नाव घ्यायचं नाही. परीक्षार्थी एका दालनात, परीक्षक दुसऱ्या, मधे भिंत. त्यांना आपण दिसत नाही, आपल्याला ते दिसत नाहीत. ये-जा करतो तो पेशंट. भूल दिली, दाताभोवती रबर डॅम ताणून बसवला, कीड काढून पोकळी तयार केली, की त्या माणसाला उठवायचं, आणि तो तसाच, तोंडावर रबराचा ताणलेला पडदा, गळ्यात निळा बिब, सोबत आरसा-एक्सप्लोरर-प्रोबचा ट्रे, असा एका कर्मचाऱ्यामागून चालत भिंतीपलीकडे जायचा. तिथे तीन परीक्षक एकेक करून, एकमेकांशी न बोलता, पोकळी तपासायचे. सांगलीचा मुलगा नंतर म्हणाला की कॉरिडॉरमध्ये त्याच्यासारखे रबर ओढलेले आणखी चार-पाच जण रांगेत उभे होते, कुणालाच बोलता येत नव्हतं, म्हणून सगळे एकमेकांना भुवया उंचावून धीर देत होते.

आपण रिकाम्या खुर्चीशेजारी उभं राहायचं. हातातला एअरोटर, दात कोरायचं यंत्र, पुसायचा, परत पुसायचा. पेशंट परत येताना त्याच्याबरोबर कागद आला तर काहीतरी चुकलंय. कीड शिल्लक आहे, कड नीट नाही, शेजारच्या दाताला ओरखडा आहे. कागद नसेल तर पुढे भरायला घ्यायचं. नियमातल्या मापापेक्षा कीड मोठी निघाली तर आधी अर्ज लिहायचा, कुठल्या भिंतीवर किती मिलिमीटर जास्त काढायचंय आणि का. तोही भिंतीपलीकडे जाणार, मंजूर होऊन येणार किंवा नामंजूर. गरज नसताना अर्ज केला तर गुण कापणार. मी हयातीत इतकं मोजून मापून कधी काही मागितलं नसेल. ७५ गुणांना पास.

या भिंतीबद्दल माझं मत दोन ठिकाणी विभागलेलं आहे. मुंबईत परीक्षा म्हणजे एक्स्टर्नल, बाहेरून आलेले परीक्षक, समोर बसलेले, मधे आमचे सर, आणि पहिला प्रश्न दाताचा नसायचा. ‘नाव काय? आडनाव? मूळ कुठले तुम्ही?’ महाराष्ट्रात हा प्रश्न कशासाठी विचारला जातो हे विचारणाऱ्यालाही माहीत असतं आणि उत्तर देणाऱ्यालाही. काही मुलींचे चेहरे तिथेच पडलेले मी पाहिलेत, काहींचे खुललेलेही. बॉस्टनमध्ये माझं आडनाव, माझा उच्चार, माझा रंग, यातलं काहीच त्या तिघांपर्यंत पोचलं नाही. पोचली फक्त पोकळी. त्या एका गोष्टीसाठी मी त्या परीक्षेला अजून मान देते.

पण जिवंत पेशंटच हवा असा आग्रह धरणारे लोक जे कारण देत, ते याच भिंतीवर आपटून फुटतं. ते म्हणत, प्लास्टिकच्या दातावर कौशल्य कळेल, माणूस कसा हाताळता हे कळणार नाही. बरं, मग भिंतीपलीकडून काय कळत होतं? भूल देताना मी त्याच्याशी काय बोलले, तो दचकला तेव्हा हात थांबवला की नाही, त्याला पाणी विचारलं का, यातलं काही त्या तिघांना दिसायचं नाही. आमच्या बाजूला फिरणारे निरीक्षक होते, त्यांचं लक्ष मुख्यतः स्वच्छतेवर आणि नियमांवर. गुण पोकळीला आणि भरलेल्या सिमेंटला. म्हणजे माणूस आणायचा, आणि गुण देताना तो वगळायचा.

याहून मोठी गोष्ट कीड राखून ठेवण्याची. ऑक्टोबरात क्लिनिकमध्ये एखाद्याचा सुंदर काळा त्रिकोण सापडतो. परीक्षा एप्रिलमध्ये. डेंटिस्टचा धर्म सांगतो, आत्ता भरा. परीक्षेचा धर्म सांगतो, एप्रिलपर्यंत थांबवा. अमेरिकाभर डेंटल कॉलेजांमध्ये दरवर्षी हे चालायचं आणि सगळ्यांना माहीत असायचं. बहुतेक किडी सहा महिन्यांत फार सरकत नाहीत, हे खरं आहे. हेच वाक्य प्रत्येकजण स्वतःला सांगायचा. आणि काम अर्धवट राहिलं, परीक्षार्थीला मधेच थांबवलं, तर तात्पुरतं भरून पेशंटला घरी पाठवायचं. पुढे त्याचं कायमचं भरणं कोण करणार, विमानानं आणलेल्या चुलतभावाला परत कोण बोलावणार? ज्याच्याकडे विमा आहे, नेहमीचा डेंटिस्ट आहे, तो असल्या परीक्षेला तोंड देत नाही. जो देतो त्याला दुसरा पर्याय नसतो. मुंबईतल्या ओपीडीतही रांगेत तेच असायचे.

अमेरिकन डेंटल असोसिएशननं २००५ मध्येच ठराव केला होता की लायसन्सच्या परीक्षेत माणसं वापरणं बंद करा. न्यूयॉर्कनं २००७ पासून ही परीक्षाच काढून टाकली, त्याऐवजी वर्षभराची रेसिडेन्सी, म्हणजे पदवीनंतरचं प्रशिक्षण, सक्तीची केली. कॅलिफोर्नियानं कॉलेजातल्या कामाचा पोर्टफोलिओ हा एक मार्ग दिला. बाकी राज्यं आपापल्या गतीनं विचार करत होती. मग २०२० मध्ये कोविड आला, तोंड उघडणं हाच धोका झाला, आणि पंधरा वर्षं जे जमत नव्हतं ते काही महिन्यांत जमलं. रूट कॅनाल आणि क्राऊनचे भाग तर आमच्या वेळीही प्लास्टिकच्या दातांवरच होते. आता किडीचा दातही प्लास्टिकचा आला, आत इनॅमल, डेंटीन आणि कीड असे वेगवेगळ्या कडकपणाचे थर घातलेला. हाताला फरक कळतो म्हणतात. मी तो दात एका ज्युनियरकडून मागून घेऊन कोरून पाहिला. कीड बरीच खरी वाटली. लाळ नाही, जीभ नाही, मधेच गिळणारा घसा नाही, एवढंच.

हायजिनिस्टची, म्हणजे दातांची सफाई करणाऱ्या माणसाची, गोष्ट सांगायची राहिली, आणि ती मला जास्त जवळची आहे. बीडीएसची माझी एक सीनियर लग्न होऊन फ्लोरिडाला आली. मूल लहान, दोन-तीन वर्षं पुन्हा शिकायला पैसे नाहीत. फ्लोरिडा हे राज्य परदेशी डेंटल कॉलेजच्या पदवीधरांना हायजिनिस्टच्या परीक्षेला बसू देतं. ३५० प्रश्नांची लेखी परीक्षा, मग प्रात्यक्षिक. तिनं दिली तेव्हा तीही माणसावर होती. तिला कीड नको होती, कीटण हवं होतं, तेही हिरडीखालचं, घट्ट, एक्सप्लोररच्या टोकदार सुईला अडकेल असं, दातांच्या बारा पृष्ठभागांवर. म्हणजे वर्षानुवर्षं दात साफ न केलेला, पण हिरड्या अगदी ढासळलेल्या नसलेला माणूस. तिनं तो एका किराणा दुकानात शोधला, काउंटरवर. आपल्याकडे दातांची सफाई डेंटिस्टच करतो, हायजिनिस्ट नावाचा माणूस बहुतेक दवाखान्यांत दिसतच नाही, जरी १९४८ च्या डेंटिस्ट कायद्यात त्यांच्या नोंदणीची तरतूद होती. अमेरिकेत हा पेशा कनेक्टिकटमधल्या आल्फ्रेड फोन्सनं उभा केला. आधी स्वतःच्या दवाखान्यातल्या आयरीन न्यूमनला शिकवलं, मग १९१३ मध्ये शाळा काढली. माझ्या सीनियरला सासरच्यांनी विचारलं होतं, ‘म्हणजे डॉक्टरची आता नर्स झालीस का?’ ती आज आठवड्याचे चार दिवस काम करते, तिचा पगार तिच्या हातात येतो, आणि हिरडीखाली तिच्या हाताला जे कळतं ते मला एक्स-रे बघूनही कळत नाही. सासरच्यांच्या दातांची सफाई तीच करते.

सांगलीच्या मुलाचं भरणं झालं, मी पास झाले. त्याला मी पैसे देऊ केले तर म्हणाला, ‘ताई, त्यापेक्षा बाकीचे दात पण बघा.’ बाकीच्या दातांत दोन किडी होत्या. दोन्ही परीक्षेच्या नियमात न बसणाऱ्या. त्या माझ्या नजरेतून सटकलेल्या नव्हत्या, मी त्या बघून बाजूला ठेवल्या होत्या. त्या उन्हाळ्यात लायसन्स आल्यावर भरल्या.

आता मुंबईतून माझी भाची विचारते आहे. ती बीडीएसला आहे, आणि २०२३ च्या राष्ट्रीय दंत आयोग कायद्यानं भारतातही डेंटिस्टसाठी एक्झिट टेस्ट यायची आहे. लायसन्स आणि एमडीएस या पदव्युत्तर शिक्षणाचा प्रवेश, दोन्ही त्याच परीक्षेवर. घरात सगळ्यांना काळजी आहे ती अभ्यासक्रमाची, क्लासच्या फीची, रँकची. तिनं मला फोनवर विचारलं की मावशी, तुझ्या अनुभवावरून काय तयारी करू. मी तिला म्हटलं, नियम आले की मला पाठव. प्रात्यक्षिक असेल तर पेशंट कोण आणणार आणि परीक्षा संपल्यावर त्याचं उरलेलं काम कोण करणार, ते कुठल्या पानावर लिहिलंय तेवढं मला आधी बघू दे.